पेटीतल्या तीन चॅसी

१३ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याचा दुसरा दिवस. माळ्यावरची फणसाच्या फळ्यांची पेटी खाली उतरवली आणि झाकण उघडलं तर आत ओकल्यासारखा आंबूस वास. पाल-उंदीर मेला असेल म्हणून पेटी तशीच अंगणात नेली. मेलेलं काही नव्हतं. खाचेच्या ट्रॅकवर विजेवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांच्या, म्हणजे स्लॉट कारच्या, तीन चॅसी (सांगाडे), दोन मोटरी, दुधाच्या पावडरीच्या डब्यात चाकं आणि तळाशी पिवळ्या पडून तडकलेल्या दोन पारदर्शक बॉडी. वास त्या बॉडींचा. साठच्या दशकात स्लॉट कारच्या बॉडी ब्युटिरेट नावाच्या प्लास्टिकच्या होत्या. ते प्लास्टिक म्हातारं झालं की त्यातून ब्युटिरिक आम्ल सुटतं आणि बंद पेटीत ते सगळ्या धातूवर बसतं. पुढे लेक्सान नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकच्या बॉडी आल्या, त्यांना हा रोग नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे बॉडी आणि चॅसी वेगळ्या करणं. एका डब्यात पुन्हा कधीच ठेवायच्या नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅकमध्ये खाच असते, तिच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखालचं गाइड खाचेत बसतं, गाइडच्या दोन जाळीदार पट्ट्या तांब्यावर घासतात आणि १२ व्होल्ट डीसी मोटरीपर्यंत पोचतो. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेलं स्केलेक्स्ट्रिक (अशाच गाड्यांचा संच) १/३२ मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाचं. अमेरिकेत साठच्या दशकाच्या मध्यावर मोठ्या ट्रॅकच्या दुकानांची लाट आली, तिथे १/२४ माप चाले. तयार चॅसीपेक्षा पितळी रॉड आणि पियानो वायर (कडक स्प्रिंगच्या पोलादाची तार) झाळून हाताने केलेली चॅसी वळणावर जास्त चिकटून जाते हे तिथल्या पोरांनी लवकर ओळखलं. आमच्या तीन चॅसी १९७३ ते १९७५ मधल्या, गोव्यात फोंड्यात केलेल्या. जहाजावरच्या काकांनी आणलेल्या माबुची या जपानी कंपनीच्या दोन मोटरी हाताशी होत्या, बाकी सगळं इथलं.

पहिली इनलाइन, म्हणजे मोटर गाडीच्या लांबीत आणि मागच्या ॲक्सलवर क्राउन गिअर (फिरण्याची दिशा काटकोनात वळवणारं दातेरी चाक). दुसरी अँगलवाइंडर, मोटर तिरकी. ही पद्धत १९६८ च्या सुमारास आली, आमच्यापर्यंत पोचायला काही वर्षं गेली. तिसरी सायकलच्या स्पोकची, कारण तोवर रॉड संपले होते.

हात लावण्याआधी दोन दिवस फक्त मोजमाप आणि फोटो. हे दोन दिवस वाचवायचा मोह होतो, वाचवू नका. प्रत्येक चॅसीचे वरून, खालून आणि चारही बाजूंनी फोटो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. पहिलीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) १०२ मिमी, गाइडच्या मध्यापासून मागच्या ॲक्सलपर्यंत १२६ मिमी. जोड सुटल्यावर हेच आकडे कामाला येतात, आठवण नाही.

सपाटपणा तपासायला काचवाल्याकडून १२ बाय ९ इंचाची ६ मिमी जाड काच घेतली, कडा घासून १८० रुपये. काच आश्चर्यकारक सपाट असते, ओट्याचा ग्रॅनाइटही बरा. चॅसी काचेवर ठेवायची, चार कोपरे आळीपाळीने बोटाने दाबायचे आणि जिथे उचलली जाते तिथे फीलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांची) पाती सरकवायची. पहिली ०.६ मिमी, दुसरी ०.२, तिसरी १.१. ०.२ असेल तर हात लावू नये. ०.६ दिसलं की लगेच पिरगळून सरळ करावंसं वाटतं, तेही नको. चॅसीतला पीळ बऱ्याचदा वाकल्यामुळे आलेला नसतो. झाळताना रॉड गरम होऊन ताणलेले असतात आणि तसेच गोठतात. एक जोड मोकळा केला की ती आपोआप सपाट बसते. पहिलीच्या बाबतीत पुढे तसंच झालं.

मग सफाई. इथे एक गोष्ट ठासून सांगतो: जोडांवर पांढरी भुकटी दिसली तर कोरडा ब्रश मारू नका. सोल्डरमध्ये शिसं असतं. बंद लाकडी पेटीत लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी आणि दमट हवेने त्या शिशाची पांढरी भुकटी होते, ती नाकात जाता कामा नये. हातमोजे घालून, ओलंच काम. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, त्यात चॅसी दहा मिनिटं, मग जुन्या टूथब्रशने. ते पाणी झाडांना किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही.

सोड्यात बुडवल्यावर काही जोडांतून बारीक बुडबुडे यायला लागले. पन्नास वर्षांपूर्वीचं आम्ल अजून जागं होतं. त्या काळी आम्ही फ्लक्स घरीच करायचो: टॉर्चच्या संपलेल्या सेलचा जस्ताचा पत्रा कापून म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिडमध्ये विरघळवायचा, तयार झालं झिंक क्लोराइड. पियानो वायरवर सोल्डर पकडायला तेच लागतं, राळेचं फ्लक्स पोलादावर चालत नाही. चूक फ्लक्सची नव्हती, न धुण्याची होती. झिंक क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारी हवा. जोडाच्या खोबणीत राहिलेला थेंब दर पावसाळ्यात ओला होणार आणि तार खात बसणार. तीन चॅसींत मिळून एकोणीस जोडांवर बुडबुडे आले, आणि पुढे जे जोड सुटलेले निघाले ते सगळे या एकोणीसातलेच. म्हणजे बुडबुड्यांनी यादी आयतीच करून दिली. त्या जोडांवर रंगाचा ठिपका देऊन ठेवा.

धुऊन झाल्यावर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने विसळायचं आणि हेअर ड्रायरने वाळवायचं. नळाच्या पाण्याचे थेंब तसेच सुकू दिले तर तारेवर दुसऱ्याच दिवशी तांबूस ठिपके येतात. एकदा आले.

पितळ उजळायला अंगणातली बिंबलं कापून वापरली. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी याच फळाने घासतात, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल काळेपणा काढतं. चिंच किंवा सोलंही चालतील. फक्त पितळी पट्ट्यांवर, दोन मिनिटं, लगेच सोड्याच्या पाण्यात. जास्त वेळ ठेवलं तर पितळातलं जस्त निघून जातं आणि तांब्याचे गुलाबी डाग उरतात. ते मग पॉलिश पेपरनेच जातात आणि पट्टी पातळ होते. व्हिनेगर तर जोडांच्या जवळपासही आणू नका, ते शिसं विरघळवतं.

दोन वस्तू मात्र या कामात पूर्णपणे वर्ज्य: अमोनिया असलेलं भांड्यांचं पॉलिश आणि कल्हईवाल्यांचा नवसागर. ताणाखाली असलेल्या पितळाला अमोनिया लागला की काही काळाने आपोआप तडे जातात. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात अशाच तडकायच्या. पागांजवळ ठेवलेल्या मालाला घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा मिळायची. ऋतूवरून या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ नावच पडलं आणि त्याचा उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. वाकवून झाळलेला चॅसीचा रॉड हा तसाच ताणातला पितळ आहे.

पियानो वायरचा गंज ही वेगळी गोष्ट. तिथे बिंबल, लिंबू, गंज काढायचं ॲसिड, काहीच नको. कडक स्प्रिंगच्या पोलादात आम्लातला हायड्रोजन शिरतो आणि तार ठिसूळ होते. हातात घेतली तर चांगली वाटते, गाडी दोनदा भिंतीला आदळली की काडीसारखी मोडते. तेल लावून ६०० नंबरचा पॉलिश पेपर आणि अडचणीच्या जागी फायबरग्लास पेन (४०० रुपये, पण वसूल). या पेनचे तंतू बोटात घुसतात, मोजे काढू नका. घासल्यावर तारेवर खड्डे दिसले तर तार बदलायची. माझा हिशेब सरळ होता: व्हर्निअरने मोजल्यावर मूळ जाडीपेक्षा ०.१ मिमीने कमी भरली की बाद. १.२ मिमी तार ०.१ ने बारीक झाली तर व्यासाला आठ टक्के घट, पण वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. गाडी एका बाजूला का लोळते याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

सामान इथेच मिळतं, फक्त मागायचं कसं ते ठाऊक हवं. जुन्या मापांत रॉड १/१६ इंच, म्हणजे १.५९ मिमी. गॅस वेल्डिंगच्या दुकानात फ्लक्सचा लेप नसलेला १.६ मिमीचा पितळी ब्रेझिंग रॉड मिळतो, मला अर्धा किलो ४५० रुपयांना पडला, जन्मभर पुरेल. पियानो वायर म्हणून विचारलं तर लोक हार्मोनियमच्या दुकानात पाठवतात, ‘स्प्रिंग वायर’ म्हणा. ०.०४७ इंचाला १.२ मिमी आणि ०.०५५ इंचाला १.४ मिमी हुबेहूब चालते. गुंडाळीची तार सरळ करत बसण्यापेक्षा सरळ तुकडे शोधा आणि काचेवर लोळवून बघा. डुगडुगली तर परत द्या.

आता चूक. ९ नोव्हेंबरला दुसऱ्या चॅसीचा ड्रॉप आर्म, म्हणजे गाइड धरणारा पुढचा हलता हात, बिजागरीपाशी तुटलेला होता. साधं सोल्डर तिथे टिकेल का अशी शंका आली, म्हणून ओळखीच्या सोनाराकडे गेलो. चांदीच्या डाकाने जोडून घ्यावं, पक्कं होईल, असा विचार. शेटनी तुकडा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “ही तार पोलादाची ना?”

“हो शेट, स्प्रिंगची.”

“मग डाक बसेल, पण तार मरेल. बघा, मला काय.”

मी करा म्हटलं. टंकणखार लावला, फुंकणीच्या ज्योतीत तार आधी पिवळी, मग जांभळी, निळी झाली आणि पुढच्या श्वासाला लाल. डाक सुरेख पळाला. थंड झाल्यावर शेटनीच दोन बोटांनी तार वाकवली, ती बांधायच्या तारेसारखी वाकली आणि वाकलेलीच राहिली. “उजो चड जालो,” (आग जास्त झाली) एवढंच म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत. चांदीच्या डाकाला सहाशे-सातशे अंश लागतात. पियानो वायरचा निळा रंग तीनशेच्या आसपास येतो, तिथूनच तिचं पाणी उतरायला लागतं. शिसं-कथलाचं ६०/४० सोल्डर १९० अंशांच्या आत पूर्ण वितळतं, तारेला कळतही नाही. म्हणून या चॅसी मऊ सोल्डरच्याच असतात. ड्रॉप आर्म नव्या तारेने पुन्हा केला.

झाळायला २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न निरुपयोगी. पितळ उष्णता पळवतं, टोक थंड पडतं, मग आपण मिनिटभर धरून बसतो आणि शेजारचे चार जोड सुटतात. ८० वॉटची, जाड टोकाची घेतली, ६५० रुपये. गरम टोक आणि कमी वेळ, हे धोरण. खाली ग्रॅनाइट किंवा काच नको, तीही उष्णता ओढतात. सागवानाची फळी घेतली, तिच्यात ॲक्सलच्या जागी १/८ इंचाचे दोन ड्रिल उभे ठोकले आणि रॉड खिळ्यांच्या आधाराने बसवले. फळी थोडी जळते, जळू द्या.

दुसऱ्या चॅसीच्या मोटर ब्रॅकेटचा डावा जोड सावकाश सांगतो, बाकीचे त्याच वाटेचे. दिसायला तो धड होता. भिंगातून पाहिलं तर तारेभोवती केसाएवढी गोल भेग, आणि नखाने दाबलं की तार कड्यातल्या कडीसारखी फिरे. सोल्डर करडं, रवाळ. आधी डाव्या-उजव्या शेजारच्या जोडांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले. जुन्या जोडावर फ्लक्सचा थेंब, थोडं ताजं सोल्डर घालून वितळवलं आणि सगळं मिळून डिसोल्डरिंग विकने (तांब्याच्या तारांच्या विणलेल्या पट्टीने) शोषून घेतलं. जुन्यावरच नवं चढवलं तर आतली घाण तशीच राहते. तार बाहेर काढून ४०० च्या पेपरने चकचकीत, मग एकटीलाच फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ मुलामा. पितळाची बाजू फायबरग्लास पेनने घासली. दोन्ही एकत्र धरून इलेक्ट्रिकच्या वायरीतल्या बारीक तांब्याच्या तारेचे चार वेढे. पुन्हा फ्लक्स. टोक टेकवायचं ते जाड रॉडला, बारीक तारेला नाही. पहिल्या सेकंदाला फ्लक्स चरचरतं, दुसऱ्या-तिसऱ्याला वाफ निघते आणि चौथ्याला सोल्डर एकदम पाण्यासारखं होऊन वेढ्यांमधून आत धावतं. त्याच क्षणी टोक काढायचं आणि हात दगडाचा करायचा. ६०/४० सोल्डर १९० ते १८३ अंशांच्या मधे लापशीसारखं असतं, त्या दोन सेकंदांत काहीही हललं की रवाळ जोड तयार. आमचे सोळाव्या वर्षीचे निम्मे जोड असेच हललेले. ज्यांचा हात कापतो त्यांनी ६३/३७ घ्यावं, ते एकाच तापमानाला गोठतं. झाल्यावर त्याच दिवशी, जेवायला उठण्याआधी, सोड्याचं पाणी आणि गरम पाणी.

जे जोड ओबडधोबड पण घट्ट होते त्यांना हात लावला नाही. गोळे कानसून गोंडस करता आले असते, पण मग ती चॅसी आत्ता केल्यासारखी दिसेल आणि १९७४ ची राहणार नाही. ज्यांना चकाकी हवी त्यांनी नवीनच बांधावी, ते सोपंही आहे. एकूण एकोणीसपैकी अकरा जोड पुन्हा केले. पहिली चॅसी, मागचा उजवा जोड मोकळा करताच, काचेवर टक असा आवाज करून सपाट बसली आणि ०.६ चा ०.१ झाला.

हे चालू असताना, २० नोव्हेंबरला, जे इथे मिळणार नव्हतं ते परदेशातून मागवलं: स्पंजचे टायर दोन जोड, क्राउन गिअर, पिनियन (मोटरीच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक), गाइड. माल आणि टपाल मिळून ५,८०० रुपये. गिअर इथल्या रोबोटिक्सच्या दुकानातून का घेतले नाहीत, असं विचाराल. मी आधी घेतले होते. दुकानातले गिअर ०.५ मॉड्यूलचे (मॉड्यूल हे दाताचं मिलिमीटरमधलं माप). जुन्या स्लॉट कारचे ४८ पिचचे (पिच हे इंचांतलं माप), म्हणजे २५.४ भागिले ४८, ०.५२९ मॉड्यूल. डोळ्याला सारखेच दिसतात, फिरवले की करवतीसारखा आवाज करतात आणि तासाभरात पिनियन खातात. ६४ पिचचं मात्र ०.३९७ येतं, तिथे ०.४ मॉड्यूल अडीनडीला खपून जातं.

पार्सल ११ डिसेंबरला देशात आलं आणि थांबलं. आठ दिवस ट्रॅकिंगवर एकच ओळ. मग निरोप: ओळखपत्र, बिल आणि मालाचा उपयोग लिहून द्या. पाठवणाऱ्याने वेष्टणावर ‘टॉय कार पार्ट्स’ असं लिहिलं होतं, आणि घोळ तिथेच झाला. खेळण्यांच्या दर्जाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह लागतं. शिवाय खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० चं ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. आधार कार्डाची प्रत, बिल, पैसे भरल्याची पावती, आणि एका पानावर प्रत्येक नगाचं वर्णन लिहून पाठवलं: नग, धातू, माप, पन्नास वर्षं जुन्या मॉडेलची दुरुस्ती, वापरणारा प्रौढ. सोबत मोडक्या चॅसीचा फोटो. फोटोचा उपयोग झाला असावा. ६ जानेवारीला शुल्क आणि हाताळणी मिळून २,१४० रुपये भरायला सांगितले, ते भरले आणि पार्सल संक्रांतीच्या दिवशी दारात आलं. मागवण्याआधीच विक्रेत्याला सांगा की बिलावर नगवार खरं वर्णन लिही. खोटं किंवा कमी किमतीचं मात्र लिहून घेऊ नका, अडकलं की माल जातो.

पार्सलची वाट पाहताना मोटरी झाल्या. माबुची १६डी शक्यतो उघडू नये, पत्र्याचे कान दोनदा वाकवले की तुटतात. ब्रश (वीज आत पोचवणारे कार्बनचे तुकडे) काढून दोन्ही भोकांतून मल्टिमीटरचे प्रोब कम्युटेटरला (शाफ्टवरच्या तांब्याच्या तुकड्यांच्या कड्याला) टेकवायचे आणि शाफ्ट थोडा-थोडा फिरवत तीन आकडे घ्यायचे. प्रोबच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी वजा करा, साध्या मीटरवर तो ०.३ ओहमपर्यंत असतो. तिन्ही आकडे सारखे आले तर वाइंडिंग शाबूत. एक आकडा बाकी दोघांच्या दुप्पट आला तर एक कॉइल तुटलेली, बहुतेक कम्युटेटरच्या कानापाशी, आणि तिथे ती पुन्हा झाळता येते. माझ्या दोन्ही ठीक निघाल्या. कम्युटेटर पेन्सिलच्या खोडरबराने पुसला, फटींतली काजळी दातकोरणीने काढली. तिथे पॉलिश पेपर मारू नका, कण तांब्यात रुततात आणि ब्रश खातात. एकेक थेंब शिलाई मशीनचं तेल बुशांना (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्यांना), कम्युटेटरला अजिबात नाही. दुसरी मोटर ६ व्होल्टवर ०.९ ॲम्पिअर खाऊन तापत होती, तेलानंतर ०.६ वर आली. नवे ब्रश घातल्यावर ३ व्होल्टवर अर्धा तास नुसती फिरू द्यायची, म्हणजे ब्रशच्या तोंडाला कम्युटेटरची गोलाई येते.

मागच्या ॲक्सलचे बुश लंबगोल झाले होते. कुंडई औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणाऱ्या मास्तरांकडे २१ जानेवारीला गेलो. एवढुशा कामाला कोणी हात लावत नाही, तेव्हा कागदावर नीट आकृती काढून न्या आणि जुना नग सोबत ठेवा. फॉस्फर ब्राँझ, आतून ३.२ मिमी, सहा नग, सहाशे रुपये, चार दिवस. ॲक्सल १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिमी असतो. इथे सर्रास मिळणारा ३ मिमीचा रॉड त्यात खडखडतो. बुश ब्रॅकेटमध्ये झाळताना ॲक्सल आत घालूनच झाळा, तेही तेलाचा हात फिरवून, नाहीतर सोल्डर आत शिरून ॲक्सल कायमचा बसतो. मूळचे सच्छिद्र ऑइलाइटचे बुश चांगले असतील तर ते पेट्रोलने धुऊ नका, आतलं तेल निघून जातं. धुतलेच तर कोमट तेलात रात्रभर बुडवा.

जुने टायर काकवीसारखे चिकट झाले होते. ते सुरीने खरवडून रिम थिनरने पुसल्या. नवे स्पंज रबराचे कडे बसवायला चपला चिकटवायचा काँटॅक्ट सिमेंट, दोन्ही बाजूंना पातळ, पंधरा मिनिटं सुकू देऊन मग एका दमात सरकवायचं, कारण दुसरी संधी मिळत नाही. चोवीस तासांनी ॲक्सल ड्रिल मशीनमध्ये धरून फळीवर चिकटवलेल्या ८० च्या पेपरवर सावकाश फिरवला, शेवटी २२०. दोन्ही चाकं एकदमच घासायची, म्हणजे व्यास सारखा येतो. मागे चॅसीखाली १.२ मिमी जागा उरेल इथपर्यंत घासलं. गाइडच्या जाळीदार पट्ट्यांसाठी ३ मिमीची डिसोल्डरिंग विक वापरली, १२० रुपये. आधी स्पिरिटमध्ये धुऊन तिचं फ्लक्स काढलं, तशीच लावली तर ठिणग्या उडतात.

गिअरची जुळणी कागदाने करतात. पिनियन आणि गिअरच्या मधे वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालून दाबून बसवायचं, स्क्रू आवळायचा, कागद फिरवून काढायचा. कागदावर दात उमटले पण फाटले नाहीत, तर बरोबर.

चाचणीला आठ फूट प्लायची पट्टी, मधे ३ मिमी रुंद आणि ८ मिमी खोल खाच, बाजूंनी तांब्याची टेप. १६ मार्च २०२५, होळीनंतरचा रविवार. पहिली चॅसी उलटी पळाली, वायरी बदलल्या. दुसरीचा ड्रॉप आर्म नव्या तारेमुळे ताठ होता आणि गाइड खाचेतून उडत होतं. बिजागरीच्या नळीत ग्राफाइट घातलं आणि खालचा थांबा कानसून ०.८ मिमी खाली झुकू दिला, मग बसली. खर्च, आधी वाया गेलेले गिअर सोडून, साडेअकरा हजारांच्या आसपास.

तिसरी, स्पोकची, केली नाही. स्पोकवर जागोजाग खड्डे आहेत. त्या बदलायच्या तर उरतो फक्त मोटर ब्रॅकेट. ती नुसती सोड्याने धुतली, वाळवली, तेलाचा हात दिला आणि मापांच्या चिठ्ठीसकट वेगळी ठेवली.

तिन्ही आता हवाबंद प्लास्टिकच्या डब्यांत आहेत, लाकडात नाहीत. प्रत्येकात ५० ग्रॅम निळी सिलिका जेल. १५ जूनला, पाऊस लागल्यावर, डबे उघडून पाहिले. दोन डब्यांतली निळीच होती. पहिलीच्या डब्यातली गुलाबी झाली होती, झाकणाच्या रबरात केस अडकला होता. मागच्या उजव्या तारेवर मोहरीएवढा एक तांबूस ठिपका, पेनने काढला, तेल लावलं. जेल तव्यावर मंद आचेवर निळी होईपर्यंत भाजून परत घातली. तो तवा आता भाकरीला चालायचा नाही.